मार्गदर्शकाचे शिक्षण



कोप्पीकर रोडवरून या सभागृहात येताना कन्नड, मराठी, कोंकणी, उर्दू असे निरनिराळे बोल कानी पडले. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, ते आधी मुलाच्या घरची बोली ऐकत आणि मग शिकवीत. म्हणून आज मी एका निराळ्या शिक्षकाविषयी बोलणार आहे. कुटुंबोपचार शिकणाऱ्या समुपदेशकावर देखरेख करणारा मार्गदर्शक किती शिकलेला असावा?

फिलाडेल्फियात १९७० च्या सुमारास साल्वादोर मिनुचिन आणि जे हेली यांनी महाविद्यालयीन शिक्षण नसलेल्या, वस्तीतील माणसांना हे काम शिकविले. मार्गदर्शक एकतर्फी आरशामागे बसून, कुटुंबाशी बोलणे चालू असतानाच सूचना देत. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ने मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकांना नैराश्यावरील उपचार शिकविले. ते कुटुंबोपचार नव्हते. परंतु देखरेखीची रीत बोधप्रद आहे. आधी तज्ज्ञांनी व पुढे सहकाऱ्यांनीच भेटींची ध्वनिमुद्रणे ऐकून गुण दिले. रुग्णांना लाभ झाल्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

मग उच्च शिक्षण निरुपयोगी काय? मुळीच नाही. धोका ओळखणे, औषधाची गरज ताडणे, स्वतःच्या मताला पुराव्याची कसोटी लावणे, यांसाठी ते हवेच. परंतु पदवीचा दबदबाही असतो. त्यापुढे शिकणारा आपल्या चुका झाकतो.

हे मी अनुभवाने सांगतो. पीएच.डी.नंतर मी प्रबंधांचा मार्गदर्शक झालो. एका विद्यार्थिनीने आपल्या आजीच्या ओव्या लिहून आणल्या. त्यांतील एक शब्द मी ‘अशुद्ध’ म्हणून लाल शाईने खोडला. तिने वाद घातला नाही. मात्र त्यानंतर तिने आजीचा एकही शब्द मला दाखविला नाही. प्रबंध मान्य झाला. हरलो मी. दोष पदवीचा नव्हता. पदवीनंतर माझे ऐकणे थांबले होते.

सून म्हणते, ‘घरात जीव रमत नाही.’ शिकाऊ समुपदेशक टिपणात लिहितो, ‘नैराश्य’. विद्वान मार्गदर्शक त्या शब्दावर संतुष्ट होऊ शकतो. चांगला मार्गदर्शक, मग त्याची पदवी कोणतीही असो, विचारतो, ‘तिचे शब्द काय होते? ती बोलली तेव्हा सासूने कोणाकडे पाहिले?’ आणि शक्य असेल तर स्वतः आरशामागे बसतो, ध्वनिमुद्रण ऐकतो.

गुरुजी तेच करीत. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.