आधी चावा, मग हाड



हात मोडला की प्लास्टर घालतात, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. जबडा मोडला तर? तिथे प्लास्टर चालत नाही. माणसाला गिळायचं असतं, बोलायचं असतं, श्वास घ्यायचा असतो. म्हणून मोडलेला जबडा स्थिर ठेवण्याची विद्या वेगळ्या वाटेनं वाढली.

खालचा जबडा बादलीच्या कडीसारखा दोन्ही कानांपाशी अडकवलेला असतो. हनुवटीवर मार बसला, तरी हाड कानापुढच्या सांध्याजवळ मोडू शकतं. म्हणून एका बाजूला फ्रॅक्चर दिसलं की डॉक्टर दुसरी बाजूही तपासतात. शिवाय चावण्याचे स्नायू मागचा तुकडा वर ओढतात आणि हनुवटीखालचे स्नायू पुढचा तुकडा खाली ओढतात. असंच सोडून दिलं, तर हाड जुळतं खरं, पण वाकडं.

मात्र या हाडाजवळ स्वतःचं माप आहे, ते म्हणजे दात. खालचे दात वरच्या दातांवर पूर्वीसारखे बसले की तुकडेही बहुधा जागेवर येतात. दातांत केस आला तरी आपल्याला कळतो. तिथे मिलिमीटरभर चूक राहिली तर रुग्णाला प्रत्येक घासाला जाणवते.

जबडा बांधून स्थिर ठेवणं जुन्यांनाही ठाऊक होतं. सुश्रुतसंहितेत पट्टी बांधण्याचे १४ प्रकार आहेत. जबड्याचा सांधा सरकला तर शेकून तो जागेवर बसवावा आणि ‘पंचांगी’ पट्टी बांधावी, असं ती सांगते. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेनं दातांचा आधार घेऊन मोडीच्या दोन्ही बाजूंचे दात सोन्याच्या तारेनं किंवा सुतानं एकमेकांना बांधायला सांगितलं. तेराव्या शतकात इटलीच्या गुलिएल्मो द सालिचेतो यांनी पुढची पायरी गाठली: खालचे दात वरच्या दातांना बांधा. अमेरिकेत गिल्मर यांनी १८८७ मध्ये हीच रीत पुन्हा रुजवली.

आपल्या वडोदऱ्यात हाड बसवण्याचा विषय निघाला की जुम्मादादा व्यायाममंदिर आणि तिथे हाडं बसवणारे राजरत्न माणिकराव यांची आठवण निघतेच. तालमीतल्या मुरगळण्या-लचकण्याला जाणता हात लागतो, यात शंका नाही. पण मोडलेल्या जबड्याला मालीश नको. दातांच्या भागातलं फ्रॅक्चर हिरडी फाटून तोंडात उघडं पडलेलं असतं. तिथे जंतू शिरतात. त्याला रुग्णालयच हवं.

रुग्णालयात पूर्वी मुख्य भिस्त तारांवर असे. दोन्ही जबड्यांच्या दातांना धातूची पट्टी, म्हणजे आर्च बार, बांधायचा आणि वरचा-खालचा जबडा तारांनी जखडायचा. चार ते सहा आठवडे तोंड बंद! पेज, दूध, सार यांवर दिवस काढायचे. वजन घटतं, सांधा आखडतो, आणि उलटी झाली तर जीव घुसमटतो. म्हणून तार कापायची पक्कड रुग्णाच्या उशाशीच ठेवतात. लहान मुलांत आणि सांध्याजवळच्या मोडीत तोंड इतका काळ बंद ठेवत नाहीत. तारा आजही वापरतात, पण आता दुसरा मार्गही आहे.

तो मार्ग फ्रान्समधून आला. १९७३ मध्ये मिशेले यांनी आणि १९७८ मध्ये स्ट्रासबुर्गच्या शांपी यांनी छोट्या प्लेटांचा पाया घातला. शांपी यांचा विचार साधा होता. घास चावताना मोडीची वरची कड फाकू पाहते आणि खालची दाबली जाते. मग जिथे फाकतं तिथेच पातळ प्लेट लावली की पुरे. जबड्याच्या कोनाजवळ एका प्लेटवर भागतं. हनुवटीकडे पीळही बसतो, म्हणून दोन. स्क्रू हाडाच्या बाहेरच्या कवचापुरतेच जातात, त्यामुळे दातांची मुळं आणि आतली नस वाचते. प्लेट बहुधा तोंडातूनच बसवतात. चेहऱ्यावर वण राहत नाही. हाडाचा चुरा झाला असेल किंवा म्हातारपणी दात जाऊन जबडा झिजला असेल, तर मात्र जाड प्लेट लागते.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. प्लेट लावण्यापूर्वी शस्त्रक्रियेच्या टेबलावर दात आधी एकमेकांवर बसवून बांधतात. मग प्लेट, मग स्क्रू. शेवटी तारा सोडून जबडा उघडून-मिटून पाहतात. टायटॅनियमच्या प्लेटा आल्या तरी अंतिम निवाडा दातांचाच. चावा चुकीचा ठेवून प्लेट घट्ट केली, तर चूकच घट्ट होते.

आता तुमच्या कामाचं. अपघातानंतर जखमी शुद्धीवर असेल आणि मानेला इजा नसेल, तर त्याला पुढे झुकवून बसवा. तोंडातलं रक्त बाहेर पडू द्या. तोंड करकचून बांधू नका. पडलेला दात दुधात ठेवून सोबत न्या. दात नीट न मिळणं, खालचा ओठ बधिर होणं, जिभेखाली काळंनिळं पडणं या खुणा दिसल्या, तर प्रतापनगरचं रेल्वे रुग्णालय असो की सयाजी रुग्णालय, तिथल्या डॉक्टरांना त्या आपण होऊन सांगा. आणि स्कूटरवर अर्धं हेल्मेट घालणाऱ्यांनो, ते डोकं झाकतं, हनुवटी उघडीच राहते. पूर्ण हेल्मेट घ्या, त्याचा पट्टा लावा. मग माझ्यासारख्या डॉक्टरांकडे यायची वेळ कमी येईल, आणि त्यात माझी काहीच तक्रार नाही.