बाळाचा डोळा सारखा वाहतो तेव्हा

(उत्सवातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो. रूळ, पूल आणि मोऱ्या सांभाळणे हे माझे काम. कार्यकारिणीने ‘तुमचा अनुभव सांगा’ असा आग्रह धरला म्हणून उभा आहे. काही चुकले तर सभागृहातील डॉक्टर मंडळींनी सांभाळून घ्यावे.

आमची धाकटी मुलगी २०१४ साली झाली. पंधरा दिवसांतच तिचा डावा डोळा सारखा पाण्याने भरलेला दिसू लागला. सकाळी पापण्या चिकटलेल्या असत. आईने काजळ घातले. शेजारच्या काकूंनी अंगावरचे दूध डोळ्यात घालायला सांगितले. मी कोणाला न विचारता दुकानातून थेंब आणले. चार दिवस बरे वाटे, पुन्हा तेच. असे सात महिने गेले. एका रात्री डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यात लाल गाठ आली, ताप चढला आणि आम्ही इस्पितळात धावलो.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवले. पापण्यांच्या आतल्या टोकाला दोन बारीक छिद्रे असतात. त्यांतून अश्रू एका पिशवीत आणि तिथून नळीने नाकात उतरतात. या नळीचे नाकाकडचे तोंड सर्वांत शेवटी उघडते. काही बाळांत तिथे जन्मतः पातळ पडदा राहून जातो. मला लगेच उमगले. मोरीचे खालचे तोंड तुंबले की पाणी वर साचते, गाळ धरतो. मी सात महिने वरचा गाळ काढत बसलो होतो!

दहापैकी सुमारे नऊ बाळांची नळी वर्षाच्या आत आपोआप मोकळी होते. त्याला मसाजची मदत होते. क्रिग्लर नावाच्या डॉक्टरांनी १९२३ साली ही पद्धत मांडली. नखे कापून, हात धुऊन, बोटाने डोळा व नाक यांमधल्या पिशवीवर दाब द्यायचा आणि तसाच खाली नाकाकडे उतरवायचा. एका वेळी पाच-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. नुसते चोळून उपयोग नाही. डॉक्टरांकडून एकदा हात बसवून घ्यावा. लाल, दुखरी गाठ असेल तर मात्र दाबू नये.

आमच्या मुलीला पू झाला होता, म्हणून अँटिबायोटिकने तो ओसरल्यावर डॉक्टरांनी ‘आता वर्षाची वाट पाहायला नको’ म्हणून प्रोबिंग सुचवले. एवढ्याशा जिवाला भूल द्यायची म्हटल्यावर माझे हातपाय गळाले. सौ.ने मात्र सगळे नीट विचारून घेतले आणि सही करायला मलाच पुढे ढकलले. त्या छिद्रातून बारीक सळी घालून खालचा पडदा उघडतात. कुठे चिरा नाही, टाका नाही. मग रंगीत पाणी सोडून ते नाकात उतरते का हे पाहतात. सगळे काही मिनिटांत झाले. पुढच्या आठवड्यात डोळा कोरडा.

प्रोबिंगने काम झाले नाही तर पुन्हा करतात, काही महिने सिलिकॉनची नळी ठेवतात किंवा फुग्याने वाट रुंदावतात. तेही न जमल्यास डीसीआर, म्हणजे थोडे हाड काढून पिशवीपासून नाकात नवी वाट करणे. ही शस्त्रक्रिया इटलीच्या तोती यांनी १९०४ साली मांडली. आता ती दुर्बिणीने नाकातूनही होते, चेहऱ्यावर व्रण राहत नाही.

तीन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. जन्मतः कोपऱ्यात निळसर फुगवटा असेल आणि बाळाला श्वास घेताना त्रास होत असेल, तर लगेच इस्पितळ गाठा. बाळ उजेडाने डोळे मिटत असेल, बुबुळ मोठे किंवा धुरकट दिसत असेल, तर ती काचबिंदूची खूण असू शकते. तिथे मसाज करत बसू नका. आणि काजळ, दूध, दुकानातले थेंब डोळ्यात नकोत.

पहिल्या महिन्यात दाखवले असते तर कदाचित मसाजनेच भागले असते. ही रुखरुख मला आहे. आपण घरापासून दूर राहतो, आजी-आत्या जवळ नसतात. म्हणून एकमेकांना हे सांगायला हवे. मघाशी आरतीला झांज वाजवत होती ना, तीच आमची धाकटी.

गणपती बाप्पा मोरया!