सेवामुक्तीच्या दाखल्यावरील एक ओळ



या व्याख्यानमालेला विद्वानांची परंपरा आहे. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि रात्री जागून वाचलेल्या पुस्तकांत झाले. तेव्हा आजचा विषयही आम्ही आमच्या धंद्याच्या बाजूनेच मांडणार. विषय आहे तो असा : लष्करातून बाहेर पडलेल्या शिपायाला आपल्या सेवामुक्तीच्या कागदातील खोटी नोंद दुरुस्त करून मागता येते काय, आणि मागितली तर ती कोण, केव्हा, कशी देतो?

युनियनच्या माणसाला शिपायाच्या कागदाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. नोकरी सुटताना हातात जो दाखला पडतो, त्यावर एक शेऱ्याची ओळ असते. ती लिहायला साहेबाला अर्धा मिनिट लागतो. ती पुसायला माणसाचा जन्म पुरत नाही. हे आम्ही कामगारांच्या बाबतीत तीस वर्षे पाहत आलो आहोत. शिपायाच्या बाबतीत ते किती भयंकर होऊ शकते, याचे एक उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात आहे. तेच आज सविस्तर सांगतो.

सन १९०६. टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या सरहद्दीवर, ब्राउन्सव्हिल नावाचे गाव. त्या गावाला लागून असलेल्या फोर्ट ब्राउन या ठाण्यावर जुलैअखेर २५ व्या पायदळ पलटणीच्या तीन कंपन्या आल्या. शिपाई सगळे काळे, अधिकारी गोरे. गावाला काळे शिपाई नको होते, आणि ते गावाने लपवलेही नाही. १३ ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या सुमारास गावात दहा मिनिटे गोळीबार झाला. दारूच्या दुकानातला एक नोकर मेला, एका पोलीस अधिकाऱ्याचा हात गेला. गोळ्या झाडणारे कोण, हे अंधारात कोणाला नीट दिसले नव्हते. तरी गावाने सांगितले, शिपायांनी झाडल्या.

आता ठाण्यावरची हकिगत ऐका. गोळीबार होताच बिगूल वाजला, हजेरी घेतली गेली, शिपाई जागेवर होते. सकाळी बंदुका तपासल्या, त्या स्वच्छ होत्या. पुढे रस्त्यावर लष्करी बंदुकीची रिकामी काडतुसे सापडली, एवढाच काय तो पुरावा. बारा शिपायांना अटक झाली, परंतु तिथल्या ग्रँड ज्युरीने एकावरही आरोप ठेवला नाही. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर खटला उभाच राहिला नाही.

मग वॉशिंग्टनहून महानिरीक्षक आले. त्यांनी शिपायांना विचारले, गुन्हेगार कोण ते सांगा. शिपाई म्हणाले, आम्हाला ठाऊक नाही. महानिरीक्षकांनी निष्कर्ष काढला की, हे सगळे संगनमताने गप्प आहेत. ज्याला ठाऊक नाही तो गप्पच राहणार, हा दुसरा अर्थ त्यांच्या मनाला शिवला नाही. नोव्हेंबर १९०६ च्या आरंभी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हुकूम काढला आणि निवडणुकीचे मतदान उरकल्यावर तो जाहीर झाला. १६७ शिपाई एकदम सैन्यातून काढले गेले. दाखल्यावर शेरा पडला, सन्मानाविना मुक्तता. पुन्हा सैन्यात भरती नाही, सरकारी नोकरी नाही, निवृत्तिवेतन नाही. त्यांत मिंगो सँडर्स नावाचे सार्जंट होते. त्यांची सेवा २६ वर्षांची होती आणि क्यूबाच्या युद्धात ते लढले होते.

मंडळी, या हुकुमातली खरी मेख पाहा. सरकार म्हणत होते, आम्ही यांना शिक्षा केलेलीच नाही, नुसती नोकरी संपवली आहे. शिक्षा म्हटली की कोर्टमार्शल आले, साक्षीपुरावा आला, उलटतपासणी आली. नुसती सेवासमाप्ती म्हटली की काहीच करावे लागत नाही. आमच्यापैकी जे कामगार न्यायालयात उभे राहिले आहेत, त्यांना ही युक्ती नवीन नाही. चार्जशीट द्यायची नाही, चौकशी करायची नाही, हातात एक साळसूद पत्र द्यायचे आणि फाटक बंद करायचे. आपल्याकडच्या न्यायालयांनी अशा पत्राचा पडदा बाजूला सारून आत शिक्षा दडली आहे काय, हे पाहण्याचा पायंडा पाडला आहे. त्या शिपायांना असे पाहणारे न्यायालय मिळाले नाही.

त्यांची बाजू घेतली ती ओहायोचे सिनेटर जोसेफ फोरेकर यांनी. त्यांनी सिनेटमध्ये चौकशी लावली. काडतुसे पूर्वी नेब्रास्कातल्या सरावात उडवलेली आणि तिथून पेटीतून आलेली असावीत, हा मुद्दा त्यांनी मांडला. परंतु १९०८ मध्ये समितीच्या बहुमताने सरकारचीच री ओढली. पुढे लष्करी चौकशी मंडळाने १९१० मध्ये फक्त १४ जणांना पुन्हा भरतीस पात्र ठरवले. हेच चौदा का आणि बाकीचे का नाहीत, याचे कारण दिले नाही. फोरेकर यांची सिनेटची जागा गेली. प्रकरण दप्तरात गेले.

साठ वर्षे गेली. १९७० मध्ये जॉन वीव्हर यांनी या प्रकरणावर पुस्तक लिहिले. ते वाचून कॅलिफोर्नियाचे काळे प्रतिनिधी ऑगस्टस हॉकिन्स यांनी काँग्रेसमध्ये विधेयक आणले. सप्टेंबर १९७२ मध्ये लष्कराने मान्य केले की, ती सामुदायिक शिक्षा अन्यायाची होती, आणि सर्वांचे दाखले सन्मानपूर्वक मुक्ततेचे केले. ६६ वर्षांनी! बडतर्फ राहिलेल्यांपैकी हयात सापडले एक, डॉर्सी विलिस. मिनियापोलिस शहरातल्या एका केशकर्तनालयात बूट पुसण्यात आणि झाडलोट करण्यात त्यांचे ५९ वर्षांचे आयुष्य गेले होते. ११ फेब्रुवारी १९७३ रोजी, त्यांच्या ८७ व्या वाढदिवशी, त्यांना नवा दाखला देण्यात आला. वर्षाअखेर कायदा होऊन त्यांना २५ हजार डॉलर मंजूर झाले, आणि पुनर्विवाह न केलेल्या विधवांना १० हजार. विलिस १९७७ मध्ये वारले.

आता कोणी म्हणेल, अखेर न्याय झाला ना? आम्ही म्हणतो, कागद दुरुस्त झाला. एकशे साठांवर माणसांचा गेलेला पगार, बुडालेले निवृत्तिवेतन, लेकरांचे राहिलेले शिक्षण, हे कोणत्या रकान्यात भरले?

अमेरिकेत कायदा नव्हता असे नव्हे. पूर्वी एकेका शिपायाच्या नोंदीसाठी काँग्रेसमध्ये स्वतंत्र विधेयक आणावे लागे. ते अशक्य झाले, म्हणून १९४६ च्या कायद्याने लष्करी नोंदी दुरुस्त करणारी मंडळे स्थापन झाली. या मंडळांवर नागरी सभासद बसतात. चूक सुधारणे किंवा अन्याय दूर करणे, हे त्यांचे काम. हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. नोंद नियमाप्रमाणे बरोबर असूनही अन्यायाची असू शकते, हे कायद्याने कबूल केले. परंतु अर्जदाराच्या वाटेत दोन धोंडे राहिलेच. चूक कळल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा लागतो. उशीर माफ होऊ शकतो, पण तो मंडळाच्या मर्जीने. आणि सरकारी नोंद खरीच, असे धरून सुनावणी सुरू होते. ती खोटी, हे शिपायाने सिद्ध करायचे.

सिद्ध कशाने करायचे? कागदानेच. आणि कागद सरकारच्या कपाटात. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइस येथील लष्करी दप्तरखान्याला आग लागली आणि एक कोटी साठ ते ऐंशी लाख फायली गेल्या. त्यांची दुसरी प्रत नव्हती. तेव्हापासून त्या फायलींतल्या शिपायांची सेवा पगारपत्रके, रोजच्या हजेऱ्या, इस्पितळातल्या नोंदी असे तुकडे जुळवून उभी करावी लागते.

दाखल्यावर उघड लिहायचे नसेल तर खुणेनेही लिहिता येते. दुसऱ्या महायुद्धात ना सन्मानाचा ना अपमानाचा असा एक दाखला निळ्या कागदावर मिळे. डिसेंबर १९४१ ते जून १९४५ या काळात असे ४८,६०३ दाखले दिले गेले, त्यांतले १०,८०६ काळ्या शिपायांना. सैन्यात त्यांचे प्रमाण मात्र शेकडा साडेसहाच्या आसपास होते. निळा कागद पाहिला की मालक दार लावी. १९४७ मध्ये तो बंद झाला. पुढे दाखल्यावर सांकेतिक आकडे आले. शिपायाला त्यांचा अर्थ ठाऊक नसे, पण मालकांपर्यंत तो पोचलेला असे. १९७४ मध्ये ते आकडे छापणे थांबले.

आपल्या घरचेही उदाहरण आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत 'तलवार' या नाविक ठाण्यावर खलाशांनी बंड पुकारले. मुंबईचे गिरणी कामगार त्यांच्यासाठी संप करून रस्त्यावर आले आणि गोळ्या खाऊन मेले. बंडातल्या अनेक खलाशांना नोकरीतून काढले गेले. स्वराज्य आले, तरी त्यांना आरमारात परत घेतले नाही. पुढे केंद्र सरकारच्या स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजनेत हे बंड स्वातंत्र्यलढा म्हणून धरले गेले. एका सरकारने जे बंड म्हणून लिहिले, ते दुसऱ्याने लढा म्हणून लिहिले. शिपायाने सेवेच्या तक्रारीसाठी कोणाकडे जायचे, याला आज आपल्याकडे सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. ते २००७ च्या कायद्याने झाले, २००९ मध्ये सुरू झाले, आणि त्याचे एक पीठ मुंबईत आहे.

मंडळी, या सगळ्यातून आमचे म्हणणे तीन गोष्टींचे आहे. पहिली, ज्याच्याविषयी लिहायचे त्याला विचारल्यावाचून शेरा लिहू नये, आणि एकाच्या संशयावर सगळ्यांना बांधू नये. दुसरी, नोंद खरी आहे हे दाखवण्याचा भार नोंद करणाऱ्यावर असावा, कारण कपाटाची किल्ली त्याच्या कमरेला आहे. तिसरी, दुरुस्तीबरोबर नुकसानीची भरपाई यावी. नुसता नवा कागद दिला, तर सरकारचा जीव हलका होतो, माणसाचे पोट रिकामेच राहते.

आणि समोर बसलेल्या कष्टकरी बंधुभगिनींना एवढेच सांगतो. मग ती पलटण असो, कारखाना असो की म्युनिसिपालिटीचे खाते. वाचल्याशिवाय सही करू नका. हातात आलेल्या प्रत्येक कागदाची प्रत घरात ठेवा. पगाराची चिठ्ठी, हजेरीचा पास, इस्पितळाची पावती, काही फेकू नका. शेरा चुकीचा वाटला तर त्याच आठवड्यात लेखी हरकत घ्या आणि पोच घ्या. अर्ज एकट्याने करू नका, बरोबरचे साक्षीदार हयात आहेत तोवर त्यांची नावे त्यात घाला. ब्राउन्सव्हिलच्या शिपायांजवळ सत्य होते, पण त्यांच्या पाठीशी संघटना टिकली नाही आणि काळ थांबला नाही. सत्याला साठ वर्षे वाट पाहता येते, माणसाला येत नाही.