शिशाचा बंदोबस्त



ज्या कोळीवाड्यांत जाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवणे हे नित्याचे काम, आणि ज्या शहरात बिडाच्या जुन्या नळांचे सांधे ताग ठासून व वर वितळलेले शिसे ओतून बुजविले जात, त्या मुंबईतील शीव कोळीवाड्यात भरलेल्या या परिषदेत शिशाच्या विषबाधेचा विषय काढण्यास लांबलचक प्रस्तावनेची गरज नाही. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेरहित पेट्रोल आले, नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत 90 भागांची मर्यादा आली, सबब हे प्रकरण निकालात निघाले, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. परंतु शिसे कुजत नाही, उडून जात नाही. रस्त्याकडेच्या मातीच्या वरच्या थरात ते बसून राहते आणि रांगत्या मुलाच्या बोटांवाटे तोंडात जाते. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढाच्या रक्तात साधारण दशांश उतरते, तर लहान मुलाच्या रक्तात निम्म्यापर्यंत.

अशी सारी माती उपसून नेणे कोणत्याही नगरपालिकेच्या ऐपतीबाहेरचे. म्हणून अमेरिकेतील मिझुरी राज्यात, जॉप्लिन येथे, शिसे गाळण्याच्या जुन्या भट्टीच्या परिसरात 1997 साली जो प्रयोग झाला, तो आपण बारकाईने पाहण्याजोगा आहे. मातीत वजनाच्या एक टक्का फॉस्फरस पडेल इतके फॉस्फोरिक आम्ल मिसळले आणि मागाहून चुना घालून आंबटपणा मोडला. फॉस्फेट, क्लोराइड व शिसे यांच्या संयोगाने पायरोमॉर्फाइट नावाचे स्फटिक बनते, आणि ते जठरातील आम्लालाही सहजी दाद देत नाही. पुढे प्रौढ स्वयंसेवकांना ही माती उपाशीपोटी अल्प प्रमाणात प्रत्यक्ष खाऊ घातली (त्यांच्या धैर्यास माझा नमस्कार), तेव्हा शिशाचे शोषण सुमारे 42 टक्क्यांवरून 13 टक्क्यांवर आले. ग्लासगो शहरात 1989 पासून पिण्याच्या पाण्यात फॉस्फेट सोडून नळांतील शिशावर लेप धरविला जातो, त्यामागचे तत्त्व हेच.

तथापि हा उतारा जसाच्या तसा मुंबईत आणावा, असे माझे मत नाही. आम्ल घातल्यावर चुना वेळेवर पडला नाही, तर बांधावयाचे शिसेच आधी सुटते. मातीत आर्सेनिक असल्यास फॉस्फेट त्याला मोकळे करते. आणि आपला चार महिन्यांचा पाऊस उरलेले फॉस्फेट मिठी नदीत वाहून नेल्यावाचून राहणार नाही, मग तेथे शेवाळ माजणारच. शिवाय मातीतील एकूण शिसे या उपायाने तसूभरही घटत नाही. केवळ एकूण शिसे मोजणाऱ्या दफ्तरात आधीचा व नंतरचा आकडा एकच दिसेल, आणि एखादा कर्तव्यदक्ष अंमलदार हा सारा खर्च वायफळ ठरवून शेरा मारील. तर दुसरा, आम्ल शिंपडल्याची नोंद करून, जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या शेजारच्या भट्टीकडे काणाडोळा करील. मला दुसऱ्याचे भय अधिक वाटते.

म्हणून माझी विनंती इतकीच, की या परिषदेने ठराव करताना आम्लाची शिफारस शेवटी ठेवावी. आधी शिशाचे उगम बंद करावेत, खेळाच्या मैदानांतील मातीत जठराम्लात विरघळणारे शिसे किती ते तपासावे, आणि उपाय फळला की नाही हे त्या वस्तीतील मुलांच्या रक्ततपासणीवरून ठरवावे, अशी मागणी महानगरपालिकेकडे लेखी करावी.