स्वागताध्यक्षांचे भाषण



आई अंबाबाईच्या नगरीत आपलं स्वागत. मला पाच मिनिटं दिली आहेत. पण पाच मिनिटांत आटोपणारा कोल्हापूरकर अजून जन्माला यायचाय. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली उभं केलेलं खासबाग मैदान पाहिल्याशिवाय कुणी जाऊ नये. मधोमध आखाडा, भोवती चढत जाणारी बैठक. पार मागच्या माणसालाही पैलवानाची पकड दिसते. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घडवला तो याच गावात.

आता आपल्या परिषदेचा विषय: ध्वनीच्या वेगाच्या आसपासचं उड्डाण. समितीतल्या प्राध्यापकांनी मला समजावलं की विमान ध्वनीपेक्षा थोडं हळू असलं, तरी पंखाच्या पाठीवर हवा ध्वनीला मागे टाकते. तेवढ्या पट्ट्यात समीकरणाची जातच बदलते आणि पट्टा बहुधा आघात-तरंगापाशी संपतो. एकाच पंखावर दोन जातींचं गणित! मी चहा मागवला.

पण या विषयावर आमचाही हक्क आहे. डॉ. विष्णू माधव घाटगे, जन्म १९०८, गाव हसूर, जिल्हा कोल्हापूर. त्यांनी जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. प्रांटल-ग्लाउर्ट नियम आपण जाणताच: कमी वेगावर मिळालेला दाब घ्यायचा आणि एकातून माख अंकाचा, म्हणजे विमानाचा वेग भागिले ध्वनीचा वेग याचा, वर्ग वजा करून उरलेल्याच्या वर्गमुळाने भागायचं. माख अंक एक झाला की भाजक शून्य! प्रांटलसाहेबांचं सूत्र जिथे हात टेकतं, तिथून तुमची परिषद सुरू होते. घाटगे मायदेशी आले, बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी एचटी-२ हे शिकाऊ विमान रचलं. ते १९५१ साली उडालं. पुढे किरण जेट आलं, १९६५ साली पद्मश्री मिळाली. आमच्या गल्लीत विचारा: जुन्या मल्लांची नावं वस्तादांसकट सांगतील, घाटगे विचारले तर म्हणतील, ‘कुठले, कागलचे का?’

व्यवस्थेत उणिवा आहेत. वसतिगृहात गरम पाणी सहा ते सातच येईल, प्रोजेक्टर उसना आहे, पंखे आवाज करतात. पदरात घ्या. उद्यमनगरातल्या फौंड्रीवाल्यांनी वर्गणी दिली, गुळाच्या अडत्यांनी भेटीच्या ढेपा, मंडपवाल्यांनी खुर्च्यांचं भाडं सोडलं, महिला मंडळाच्या ताई पहाटेपासून भाकऱ्या थापताहेत. सर्वांचे आभार, नाव राहिलं असेल त्याने रागावू नये, मी कुणाचंच घेतलेलं नाही.

दुपारी तांबडा-पांढरा आहे. शाकाहारी पंगत मंडपाच्या डाव्या हाताला.