मृतांच्या नोंदी आणि जिवंतांचे हक्क

(अड्यार, चेन्नई येथील अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आपण आज जेथे जमलो आहोत त्या अड्यारमधून बकिंगहॅम कालवा जातो. अड्यार आणि कूवम या दोन नद्यांना जोडणारा त्याचा सुमारे आठ किलोमीटरचा भाग १८७७-७८ साली दुष्काळी काम म्हणून खोदला गेला. मद्रास इलाख्यातील दुष्काळी कामांवर पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत, असा दंडक सर रिचर्ड टेंपल यांनी त्या काळात घालून दिला होता. इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी त्यास हरकत घेतली. एवढ्या शिध्यावर कष्टाचे काम करणारा माणूस जगू शकत नाही, असे त्यांनी सरकारला लेखी बजावले. काही महिन्यांनी सरकारला मजुरी वाढवावी लागली. डॉ. कॉर्निश काही क्रांतिकारक नव्हते. ते साम्राज्याचे नोकर होते. परंतु मृत्यूचा हिशेब त्यांच्या खात्यात ठेवला जात होता, आणि हिशेब ठेवणाऱ्याला एका मर्यादेपलीकडे डोळेझाक करणे कठीण जाते.

महानगरातील मृत्यू आणि गुन्हे यांच्या सरकारी आकडेवारीचा विचार आपल्याला या दृष्टीने करावयाचा आहे. विषय रूक्ष वाटेल. पण एंगल्सने १८४५ साली इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा मँचेस्टरच्या एका उपनगरातील रस्त्यांची आणि घरांची प्रतवारी लावून काढलेले मृत्युप्रमाण त्याने पुराव्यादाखल मांडले होते. मार्क्सने 'भांडवल' लिहिताना कारखाना निरीक्षकांचे सरकारी अहवाल पानोपानी वापरले. राज्ययंत्रणेने स्वतःच्या सोयीसाठी गोळा केलेले आकडे श्रमिकांच्या बाजूने वाचता येतात. मात्र ते कसे तयार होतात हे आधी समजून घ्यावे लागते.

मृत्यू : एक शहर, दोन वह्या

करोना साथीच्या काळातील चेन्नईचे उदाहरण घ्या. शहरात मृत्यूची नोंद महापालिका करीत होती आणि करोनाने मेलेल्यांची यादी राज्याचे आरोग्य खाते प्रसिद्ध करीत होते. जून २०२० मध्ये या दोन वह्यांचा मेळ बसत नसल्याचे उघडकीस आले. सरकारला समिती नेमावी लागली आणि जुलै २०२० मध्ये पूर्वी न मोजलेले ४४४ मृत्यू अधिकृत यादीत एकदम घालावे लागले. मुंबईतही हेच घडले. जून २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने मागील १,३२८ मृत्यू यादीत नव्याने घेतले. त्यांपैकी ८६२ एकट्या मुंबईचे होते.

पण ही दुरुस्तीही अपुरी होती. चेन्नईच्या नागरी नोंदवहीतील सर्व मृत्यू, मग कारण काहीही लिहिलेले असो, संशोधकांनी मोजले आणि मागील वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहिले. हा अभ्यास 'लॅन्सेट' समूहाच्या संसर्गजन्य रोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. मार्च २०२० ते जून २०२१ या सोळा महिन्यांत अभ्यासलेल्या भागात ८७,८७० मृत्यू नोंदले गेले. अपेक्षेपेक्षा सुमारे २६ हजार अधिक. शहराच्या अधिकृत यादीत तोवर करोनाचे सुमारे ८ हजार मृत्यू होते. या अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. जी वस्ती अधिक वंचित, तेथे मृत्यूंची वाढ अधिक. आणि ही तफावत मुख्यतः दुसऱ्या लाटेत पडली.

हा केवळ विद्वानांच्या वादाचा विषय आहे काय? मुळीच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२१ साली करोनाने मृत झालेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये देण्याचे ठरले. दाखल्यावर करोना लिहिलेला नाही एवढ्याच कारणावरून मदत नाकारू नये, असेही न्यायालयाने सांगितले. तरी तपासणीचा किंवा उपचाराचा कागद हवाच होता. ज्याची तपासणी झाली, ज्याला रुग्णालयात खाट मिळाली, त्याच्या घरी कागद होता. जो झोपडीत, तपासणीवाचून मेला, त्याच्या विधवेपाशी काय होते? नोंदीतून जो वगळला गेला, तो मदतीतूनही वगळला गेला. देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी एक चतुर्थांश मृत्यूंनाही डॉक्टरने प्रमाणित केलेले कारण नसते, ही २०२० च्या सरकारी अहवालातील स्थिती आहे. गरिबाच्या मृत्यूला तारीख असते, कारण नसते.

गुन्हे : कोणाचा मोजला जातो?

आता गुन्ह्यांकडे वळू. राष्ट्रीय गुन्हे नोंद केंद्राच्या वार्षिक अहवालात महानगरांचे स्वतंत्र तक्ते असतात, आणि ते प्रसिद्ध होताच कोणते शहर सुरक्षित, कोणते असुरक्षित याच्या याद्या वृत्तपत्रे छापतात. येथे तीन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, हा आकडा घडलेल्या गुन्ह्यांचा नसतो; पोलिसांनी नोंदविलेल्या गुन्ह्यांचा असतो. जेथे ठाण्यात तक्रार घेतली जाते तेथे आकडा फुगतो, आणि जेथे तक्रारदाराला हाकलून दिले जाते ते शहर कागदावर शांत दिसते. दुसरी गोष्ट, एका फिर्यादीत अनेक अपराध असले तर त्यांतील सर्वांत गंभीर अपराधच मोजला जातो. बाकीचे त्याखाली लपतात. तिसरी गोष्ट, महानगरांचे गुन्हेप्रमाण २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्येवर काढले जात आले आहे. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झाली नाही. जुन्या लोकसंख्येने नव्या गुन्ह्यांना भागून आलेल्या प्रमाणावर शहरांची क्रमवारी लावणे हे शास्त्र नव्हे.

२०२० चा अहवाल पाहा. सरकारी हुकूम मोडल्याचे गुन्हे देशभरात २०१९ मध्ये २९,४६९ होते. २०२० मध्ये ते ६,१२,१७९ झाले. जनता एका वर्षात वीसपट गुन्हेगार झाली काय? टाळेबंदीत घराबाहेर पडल्याबद्दलचे हे गुन्हे होते. त्याच टाळेबंदीत ज्या मालकांनी मजुरांची मजुरी बुडविली, त्यांचा हिशेब महानगरांच्या ठळक तक्त्यांत शोधून सापडणार नाही.

याहून बोलके उदाहरण गटार साफ करताना गुदमरून मरणाऱ्या कामगारांचे आहे. १९९३ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूबद्दल १० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख करण्यात आली. असे असताना जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितले की हाताने मैला उचलण्याच्या कामामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. पुढे त्याच सरकारने गटारे व मलटाक्या साफ करताना ९४१ जण मेल्याचे मान्य केले, आणि त्या यादीत तामिळनाडू अग्रभागी होता. शब्द बदलला आणि शून्याचे ९४१ झाले! पोलीस दप्तरात असा मृत्यू पुष्कळदा 'निष्काळजीपणाने मृत्यू' या सदरात जातो. त्या सदरात बहुसंख्य प्रकरणे रस्ते अपघातांची असतात. त्या ढिगाऱ्यात गटारात उतरविलेला दलित कामगार दिसेनासा होतो.

सरासरीचा पडदा

साथींनो, ज्या विभागात आपण बसलो आहोत तो महापालिकेचा अड्यार विभाग. दोनशे प्रभाग असलेल्या या शहरात 'अड्यार' या एका नावाखाली बेझंटनगरचे बंगले येतात आणि समुद्रकाठचे ऊरूर ऑल्कॉट कुप्पमही येते. बंगल्यातील ऐंशी वर्षांच्या निवृत्त अधिकाऱ्याचे आयुष्य आणि पन्नाशीत खचलेल्या मच्छीमाराचे आयुष्य यांची सरासरी काढली तर ती दोघांपैकी कोणाचीच नसते. विभागाचा एकच आकडा म्हणूनच सत्ताधाऱ्यांना सोयीचा वाटतो.

आणखी एक गोष्ट पाहा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली वर्षानुवर्षे वापरात असलेल्या मृत्यू-अहवालाच्या नमुन्यात मृताच्या व्यवसायाचा रकाना आहे. तो विडी ओढत होता काय, तंबाखू खात होता काय, दारू पीत होता काय, असेही त्यात विचारलेले आहे. परंतु तो कोणत्या कारखान्यात, कोणत्या ठेकेदाराकडे, कोणत्या धुळीत वा वायूत काम करीत होता, हे कोणीही विचारीत नाही. मृत्यूचा दोष मृताच्या सवयींवर टाकण्याची सोय आहे. मालकापर्यंत पोचण्याची नाही. आणि व्यवसायाचा विचार केला की काय दिसते? २०२१ मध्ये देशात १,६४,०३३ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकी ४२,००४ रोजंदारी मजुरांच्या होत्या. त्यांतही तामिळनाडू पहिला आणि आपला महाराष्ट्र दुसरा. एक रकाना प्रामाणिकपणे भरला व छापला, तर एवढे सत्य बाहेर पडते.

आपल्यापुढील कामे

आकडेवारी खोटी आहे असे म्हणून ती फेकून देणे ही चूक ठरेल. चेन्नईतील अधिक मृत्यू उघड झाले ते महापालिकेची नोंदवही होती म्हणूनच.

तेव्हा आपली पहिली मागणी अशी की, प्रत्येक महापालिकेने मृत्यूंची आकडेवारी दरमहा, प्रभागवार, वय, लिंग, व्यवसाय आणि कारण यांसह, मृतांची नावे वगळून प्रसिद्ध करावी. ती मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा हाताशी आहे. दुसरी मागणी, कामावर झालेला प्रत्येक मृत्यू, विशेषतः गटारातील मृत्यू, पोलीस दप्तरात स्वतंत्र सदराखाली मोजला जावा. तिसरे काम आपले स्वतःचे आहे. प्रत्येक कामगार संघटनेच्या आणि वस्ती समितीच्या शाखेने एक वही ठेवावी. कोण मेला, काय काम करीत होता, दाखल्यावर काय लिहिले, फिर्याद घेतली की नाकारली, भरपाई मिळाली की नाही, हे तीत तारखेसह लिहावे. वर्षाअखेरीस ती वही सरकारी तक्त्याशेजारी ठेवून पाहावी. दोहोंत जो फरक दिसेल, त्यावर महापालिकेत आणि विधानसभेत सरकारला जाब विचारावा.

या वहीला फार खर्च येत नाही. ती नियमित भरणारा एक साथी हवा, आणि दाखला मिळेपर्यंत मृताच्या वारसांबरोबर कचेरीत खेटे घालणारा दुसरा. आपापल्या शाखेत परत गेल्यावर हे दोघे कोण, हे प्रथम ठरवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.