महाडचे पाणी आणि आपले स्वयंसेवक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'लहान गावातील सार्वजनिक कार्य आणि स्वयंसेवक' असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. विषय मोठा सोज्ज्वळ आहे. त्यावर कोणाचाही मतभेद होत नाही, आणि ज्या विषयावर कोणाचाच मतभेद होत नाही त्याकडे समाजवाद्याने थोड्या संशयाने पाहावे, असे मला वाटते. म्हणून मी सर्वसाधारण गोष्टी सोडून एका गावाविषयीच बोलणार आहे. ते गाव म्हणजे महाड. २० मार्च २०२७ रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतील. त्या वेळी आपल्यापैकी अनेकजण तेथे बिल्ला लावून उभे असतील. आपण तेथे नेमके कशासाठी उभे राहणार, हे आताच ठरवलेले बरे.

जाता जाता एक सांगतो. 'स्वयंसेवक' हा शब्द आपण एका संघटनेला जणू आंदण देऊन टाकला आहे. वस्तुतः तो आपलाही आहे. १९४१ साली राष्ट्र सेवा दल उभे राहिले तेव्हा त्या शब्दाचा अर्थ स्पष्ट होता, आणि त्याआधी चौदा वर्षे महाडने तो प्रत्यक्ष करून दाखवला होता.

महाडची हकीकत आपण सारे जाणतो, पण बहुधा अर्धीच. तळ्यावर बाबासाहेब ओंजळीने पाणी प्याले, हे चित्र डोळ्यांपुढे येते. त्यामागची नगरपालिका दिसत नाही. सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेला ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला. सरकारी वा सार्वजनिक पैशाने बांधलेली वा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. म्हणजे हक्क कागदावर आला होता. तरी तीन वर्षे एकाही अस्पृश्याला तेथे घागर बुडवता आली नाही. ज्या तळ्याचा ठराव झालेला होता, त्याच तळ्याच्या गावात मार्च १९२७ च्या परिषदेसाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, अशी नोंद धनंजय कीर यांच्या चरित्रग्रंथात आहे.

मी जन्मभर अर्थशास्त्र शिकवले. त्यामुळे या चाळीस रुपयांपाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो. पाणी तेथे मुबलक होते, तळे भरलेले होते, आणि ते सार्वजनिक होते. म्हणजे ती किंमत पाण्याच्या टंचाईची नव्हती. ती बहिष्काराची किंमत होती, आणि जे वगळले गेले त्यांच्याकडूनच ती वसूल करण्यात आली. बाजारभावाच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात हे उदाहरण सापडणार नाही; पण सार्वजनिक मालमत्ता खाजगी कशी होते हे समजून घ्यायला त्याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता स्वयंसेवक पाहा. परिषद घडवून आणण्यासाठी रामचंद्र बाबाजी मोरे या तरुणाने गावोगाव हिंडून माणसे जोडली. पुढे ते कम्युनिस्ट चळवळीत गेले. अनंतराव चित्रे, नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस ही स्पृश्य समाजातील माणसे त्यांच्यासोबत होती. या सर्वांनी मंडप घातला, जेवणाची सोय केली, पाणी आणले. ही कामे आजही कोणताही स्वयंसेवक करतो. फरक इतकाच, की ते तेवढ्यावर थांबले नाहीत. परिषद संपत आली तेव्हा नगरपालिकेच्या ठरावाची अंमलबजावणी आपणच करू, असे ठरले आणि लोक रांगेने तळ्याकडे निघाले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात हे लोक घुसणार अशी हूल उठवण्यात आली व मंडपात जेवत असलेल्यांवर हल्ला झाला. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने स्वतःचा ठराव मागे घेतला.

डिसेंबरातील दुसऱ्या परिषदेला तर गावात जागाही मिळेना. ती एका मुसलमान गृहस्थाने, फत्तेखान यांनी दिली. स्थानिक व्यापारी व्यवहार करीत नसल्यामुळे धान्य आणि इतर सामान बाहेरून आणावे लागले. आपल्याकडे सत्याग्रहाची वर्णने पुष्कळ आहेत. या कोठीघराचे वर्णन मात्र क्वचित वाचायला मिळते. ज्याने त्या बहिष्कारात धान्याची पोती आणून ठेवली त्याचे काम मनुस्मृतिदहनाच्या ठरावाहून कमी मोलाचे होते, असे मी मानत नाही. पुढे खटला चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला. तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादि असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे न्यायालयाने म्हटले. एका ओंजळीला दहा वर्षे लागली.

आता अलीकडच्या काळाकडे येतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश अमदानीतला पूल कोसळला, दोन एस. टी. गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. २४ ऑगस्ट २०२० रोजी शहरात पुरती दहा वर्षेही न झालेली पाच मजली इमारत कोसळून १६ जण दगावले. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला; सावित्री तेथेच उगम पावते. तिच्या, गांधारीच्या आणि काळ नदीच्या पुराने महाड बुडाले, आणि त्याच दिवशी तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पाच वर्षांतली ही हकीकत आहे.

अशा प्रत्येक वेळी शेजारपाजारचे तरुण आधी धावले. पूर ओसरल्यावर महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून पाण्याच्या बाटल्या, शिधा, चटया, फावडी घेऊन लोक आले. या मदतीविषयी मला आदरच आहे. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने १९७० साली रक्तदानावरील आपल्या ग्रंथात दाखवले होते, की जे काम निरपेक्ष देण्यातून उत्तम होते ते बाजार करू गेला तर महाग पडते आणि वाईट होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात गाळ उपसणाऱ्या त्या तरुणांच्या घामाची नोंद होत नाही. हा दोष त्या हिशेबाचा आहे.

पण याच गाळात आणखी काही हात होते. इतर महापालिकांची सफाई पथके महाडात आली होती. ते कामगार रोजंदारीवर वा पगारावर. म्हणून त्यांना 'स्वयंसेवक' म्हणत नाहीत. शाळेच्या खोलीतला चिखल काढणारा विद्यार्थी सेवाभावी ठरतो; तुंबलेल्या गटारात उतरणारा मात्र 'त्याचे कामच आहे ते' म्हणून विसरला जातो. समारंभांच्या यादीतही हीच विभागणी असते. व्यासपीठ, स्वागत, ध्वनिक्षेपक ही कामे एका प्रकारच्या आडनावांकडे, आणि शौचालये, कचरा, पत्रावळी दुसऱ्या प्रकारच्या आडनावांकडे जातात. आपल्या पक्षाच्या याद्या याला अपवाद आहेत का, हे तुम्हीच त्या काढून पाहा.

महाडात वर्षाकाठी दोन मोठी गर्दी असते, तीही साधारण महिन्याभराच्या अंतराने. महाशिवरात्रीच्या सुमारास वीरेश्वराचा छबिना होतो. गावोगावच्या ग्रामदेवतांच्या पालख्या, सासनकाठ्या येतात आणि सारा तालुका लोटतो. मग २० मार्चला क्रांतिस्तंभावर व तळ्यावर दुरून दुरून लोक येतात; समता सैनिक दलाचे स्वयंसेवक शिस्त राखतात, पाणी आणि जेवण वाटले जाते. पहिल्या उत्सवात गाव यजमान असते. दुसऱ्यात गाव कितपत यजमान असते? ज्या गावाच्या नगरपालिकेने तो ठराव केला होता, त्या गावाचाच तो सण असायला हवा. आपल्या कार्यकर्त्यांचे पहिले काम पाहुण्यांना पाणी वाटण्याचे नव्हे, तर महाडच्या आळ्यांतील माणसे त्या दिवशी घराबाहेर येऊन पाणी वाटतील, याची खटपट करण्याचे आहे. हे कठीण काम आहे आणि त्याचे छायाचित्र निघत नाही.

दुसरे काम त्याहून रूक्ष आहे. खेड्यात ग्रामसभा असते. तिथे निदान कायद्याने तरी सरपंचाला प्रश्न विचारता येतो. तीन लाखांहून मोठ्या शहरात घटनेनेच प्रभाग समित्या सांगितल्या आहेत. परंतु तीस हजारांच्या आत वस्ती असलेल्या महाडसारख्या गावाला यांतले काहीच लाभत नाही.  म्हणून अशा गावात सार्वजनिक जीवन म्हटले की उत्सव तेवढे उरतात. त्यात भर म्हणजे राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांवर कित्येक वर्षे प्रशासक बसले होते. निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधल्या काळात गावकऱ्याने प्रश्न कोणाला विचारायचा होता? तहसील कचेरीत खेपा घालण्यापलीकडे त्याच्या हाती काय होते?

पुरानंतर नदीतला गाळ काढण्याचे काम हाती घेतले गेले. दासगावजवळच्या रेल्वेच्या भरावाने पाणी तुंबते, ही रहिवाशांची तक्रारही जुनी आहे. किती गाळ काढला, तो कोठे टाकला, भरावाचे काय ठरले, हे प्रश्न फावडे घेऊन आलेला स्वयंसेवक विचारत नाही, कारण तो तिसऱ्या दिवशी परत जातो. ते विचारायला गावातच राहणारा माणूस लागतो.

तेव्हा शताब्दीपर्यंत आपण एवढेच करावे. महाडच्या प्रत्येक आळीत, मोहल्ल्यात आणि वस्तीत महिन्याला एक सभा घ्यावी. ती पक्षाची नसावी, झेंडा नसावा. सफाई कामगारांच्या वस्तीतली सभा पहिली व्हावी. पाणी, पूर, गटारे आणि धोकादायक इमारती याखेरीज विषय नको. सभेचे कार्यवृत्त दोन प्रतींत लिहावे, हजर असणाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात, एक प्रत नगरपालिकेत द्यावी आणि आवक क्रमांकासह तिची पोच घेऊन यावी.